रुपया आणि पौंड : विनिमय दराची दीडशे वर्षे

‘१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता’, हे विधान वारंवार ऐकावयास मिळते. त्यावरून रुपयाची आजवर किती घसरण झाली याचे हिशेबही मांडले जातात. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा रुपयाचा दर डॉलरशी नव्हे, तर ब्रिटिश पौंडाशी प्रत्यक्षात बांधलेला होता. एका पौंडास सुमारे १३ रुपये ३३ पैसे पडत, तर एका पौंडाचे ४.०३ डॉलर होत. या दोन्ही दरांचा मेळ घातला असता एका डॉलरची किंमत सुमारे ३ रुपये ३१ पैसे येते. रुपया डॉलरपर्यंत पोहोचत होता तो पौंडाच्या मार्गाने.

हा १३.३३ चा आकडा आला कोठून, तो कोणी ठरविला आणि त्यासाठी कोणाला किंमत मोजावी लागली, या प्रश्नांची उत्तरे शोधताना भारताच्या आर्थिक इतिहासाचा मोठा पट उलगडतो. विनिमय दर हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा मापदंड मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात तो उत्पन्नाच्या वाटपाचा प्रश्न असतो. दर बदलला की शेतकरी, कारखानदार, आयातदार, करदाता आणि सरकार यांच्यापैकी कोणाच्या तरी पदरात भर पडते आणि कोणाच्या तरी पदरातून ती जाते. रुपया-पौंड संबंधाचा इतिहास याची साक्ष देतो.

दर मोजण्याची पद्धत

जुने आकडे समजून घेण्यासाठी प्रथम ब्रिटिश नाणेपद्धती लक्षात घेणे आवश्यक आहे. १९७१ मध्ये दशमान पद्धती येईपर्यंत १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजेच एका पौंडाचे २४० पेन्स होत असत. त्या काळी ‘एका रुपयास किती पेन्स’ अशा रीतीने दर सांगितला जाई. रुपया २४ पेन्सचा असेल तर पौंडास १० रुपये, १६ पेन्सचा असेल तर १५ रुपये आणि १८ पेन्सचा असेल तर १३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणजे १३.३३ रुपये पडतात. पेन्सचा आकडा वाढला की रुपया महाग होतो आणि पौंडासाठी कमी रुपये मोजावे लागतात. आज दर उलट्या रीतीने, म्हणजे ‘एका परकीय चलनास किती रुपये’ असा सांगितला जातो. त्यामुळे जुने आकडे वाचताना गोंधळ होण्याचा संभव असतो.

रौप्य रुपया आणि सुवर्ण पौंड

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या प्रदेशात एकसारखा चांदीचा रुपया प्रचलित केला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. ब्रिटनने मात्र १८१६ पासून सुवर्ण परिमाण स्वीकारले होते. साहजिकच रुपया-पौंड दर म्हणजे चांदी आणि सोने यांच्या परस्पर मूल्याचे प्रतिबिंब होते. १८७० च्या सुमारापर्यंत हे मूल्य बरेचसे स्थिर राहिले आणि रुपया दोन शिलिंगांच्या आसपास राहिला.

१८७१ नंतर चित्र पालटले. जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारून आपली चांदी बाजारात आणली. फ्रान्स व त्याच्या सहयोगी राष्ट्रांनी चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली. अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा ओघ वाढला. मागणी घटली, पुरवठा वाढला आणि चांदीचा भाव कोसळू लागला. १८७१-७२ मध्ये सुमारे २३ पेन्स असलेला रुपया १८९२-९३ मध्ये १५ पेन्सच्याही किंचित खाली आला.

या घसरणीची झळ सर्वांत अधिक लागली ती भारत सरकारच्या तिजोरीला. लंडनमध्ये पौंडात करावयाचा खर्च ‘होम चार्जेस’ या नावाने ओळखला जाई. त्यात कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा, निवृत्तिवेतने, लष्करी खर्च आणि इंडिया ऑफिसचा खर्च यांचा समावेश होता. भारतमंत्री लंडनमध्ये ‘कौन्सिल बिले’ विकून पौंड मिळवीत आणि त्या बिलांचे रुपये भारताच्या तिजोरीतून दिले जात. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीने १८९३ मध्ये दिलेला हिशेब उद्बोधक आहे. १८९२-९३ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठविण्यासाठी २६ कोटी ४८ लाख रुपये लागले. १८७३-७४ चा दर कायम असता तर तेवढ्याच पौंडांसाठी १७ कोटी ७५ लाख रुपये पुरले असते. केवळ दरातील फरकामुळे एका वर्षात सुमारे ८ कोटी ७३ लाख रुपयांचा जादा बोजा पडला. हा पैसा करांतूनच उभा करावा लागणार होता.

टांकसाळी बंद आणि १६ पेन्सचा रुपया

हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी भारतातील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद करण्यात आल्या. त्यामागील तर्क सरळ होता : रुपयांचा पुरवठा रोखला की त्यांची टंचाई निर्माण होईल आणि त्यांचे मूल्य चांदीच्या भावापासून सुटून वर जाईल. आरंभी रुपया आणखी घसरून १८९४-९५ मध्ये १३ पेन्सच्या जवळ आला. पुढे मात्र टंचाईचा परिणाम जाणवू लागला आणि १८९८ मध्ये त्याने १६ पेन्सची पातळी गाठली. फाउलर समितीच्या अहवालानंतर १८९९ च्या कायद्याने ब्रिटिश सुवर्णनाणे ‘सॉव्हरिन’ १५ रुपयांच्या दराने कायदेशीर चलन ठरले.

या उपायाने सरकारचा लंडनमधील बोजा हलका झाला. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. शतकाच्या अखेरीस १६ पेन्सच्या रुपयातील चांदीचे बाजारमूल्य सुमारे १० पेन्स एवढेच होते. ग्रामीण कुटुंबाची बचत चांदीच्या दागिन्यांत असे. पूर्वी ती चांदी टांकसाळीत जाऊन वजनाप्रमाणे रुपया बनत असे. आता दागिना विकून मिळणारे रुपये कमी झाले. सारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच आणि पूर्वीइतकेच राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या वर्षांत तर दागिने विकण्यावाचून अनेकांना गत्यंतर नव्हते. रुपया कृत्रिम रीतीने महाग करणे ही अप्रत्यक्ष करवाढच होय, असा आक्षेप दादाभाई नौरोजी यांनी घेतला होता.

फाउलर समितीला भारतात प्रत्यक्ष सुवर्ण चलन अभिप्रेत होते. व्यवहारात मात्र ‘सुवर्ण विनिमय परिमाण’ आकारास आले. देशात रुपये आणि नोटा चालत. परदेशी देण्यांसाठी सरकार १६ पेन्सच्या आसपास लंडनमध्ये कौन्सिल बिले विकून आणि गरज पडल्यास भारतात ‘रिव्हर्स कौन्सिल’ बिले विकून दर स्थिर राखी. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय चलनावरील ग्रंथात या पद्धतीचे समर्थन केले. भारतीय टीकाकारांचा रोख वेगळ्या मुद्द्यावर होता. भारताचा सुवर्ण निधी मुख्यतः लंडनमध्ये ठेवला जाई आणि चलनाच्या पुरवठ्याचा निर्णय पूर्णतः सरकारच्या मर्जीवर अवलंबून राही.

दोन शिलिंगांचा फसलेला प्रयोग

पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव पुन्हा चढला. तो औंसाला ४३ पेन्सच्या पुढे गेला की रुपयातील चांदीच १६ पेन्सहून अधिक किमतीची ठरते आणि नाणे वितळविणे फायद्याचे होते. त्यामुळे सरकारला १९१७ पासून दर टप्प्याटप्प्याने वाढवावा लागला. एक रुपयाची कागदी नोट भारतात प्रथम आली ती याच टंचाईच्या काळात. १९१९ मध्ये नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या हिशेबाने रुपया दोन शिलिंगांचा करावा, अशी शिफारस केली. समितीतील भारतीय सदस्य दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमत नोंदवून १६ पेन्सचा दर कायम ठेवण्याचा आग्रह धरला.

१९२० च्या प्रारंभी शिफारस अमलात आली. नेमका त्याच वर्षी जागतिक बाजार उलटला. भारताची निर्यात घटली, आयात वाढली आणि चांदीही उतरली. दर टिकविण्यासाठी सरकारने सप्टेंबर १९२० पर्यंत सुमारे साडेपाच कोटी पौंडांची रिव्हर्स कौन्सिल बिले विकली. महाग रुपयाच्या बदल्यात स्वस्तात पौंड मिळविण्याची संधी व्यापारी आणि सट्टेबाज यांनी साधली. गंगाजळी आटली आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. १९२१ च्या प्रारंभी रुपया १५ पेन्सच्याही खाली गेला होता. बाजारातील मूळ परिस्थितीशी विसंगत दर केवळ गंगाजळीच्या बळावर फार काळ टिकत नाही, हा धडा या प्रसंगाने दिला.

याच पार्श्वभूमीवर १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची त्यास प्रस्तावना आहे. केन्स यांच्या मताशी असहमती दर्शवून डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की, सुवर्ण विनिमय परिमाणात रुपये पाडण्यावर सरकारला अंगभूत मर्यादा राहत नाही. परकीय दराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या देशांतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. घसरत्या दराने निर्यातदाराला होणारा लाभ बऱ्याच अंशी मजुराच्या खर्चाने होतो, कारण भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

सोळा पेन्स की अठरा पेन्स?

१९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही चलन आयोग नेमण्यात आला. डिसेंबर १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आयोगापुढे साक्ष दिली. १९२६ च्या अहवालात आयोगाने सुवर्णखंड परिमाण, मध्यवर्ती बँकेची स्थापना आणि १८ पेन्सचा दर अशा शिफारशी केल्या. देशातील किमती आणि मजुरी या दराशी जुळल्या आहेत, असे बहुसंख्य सदस्यांचे म्हणणे होते. मुंबईचे उद्योगपती सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी ते अमान्य केले आणि १६ पेन्ससाठी भिन्नमतपत्रिका जोडली.

दोन पेन्सच्या या फरकावरून एवढा वाद का व्हावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंग्लंडमध्ये १०० पौंडांना विकल्या जाणाऱ्या कापसाचे १६ पेन्सच्या दराने १,५०० रुपये मिळतात, तर १८ पेन्सच्या दराने १,३३३ रुपये. म्हणजे निर्यातदाराच्या, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या, उत्पन्नात सुमारे ११ टक्के घट. दुसरीकडे लँकेशायरचे १०० पौंडांचे कापड तेवढ्याच प्रमाणात स्वस्त होऊन मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांशी स्पर्धा करू लागते. सरकारला मात्र दर एक कोटी पौंडांच्या देण्यामागे १५ कोटींऐवजी १३ कोटी ३३ लाख रुपयेच उभे करावे लागतात. आयात मालाच्या ग्राहकालाही दिलासा मिळतो. लाभ आणि हानी यांची वाटणी कशी होते, हे येथे स्पष्ट दिसते.

१९२७ च्या चलन कायद्याने १८ पेन्सचा दर कायम झाला. वाद मात्र शमला नाही. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर रद्द करणे आणि शेतसारा निम्मा करणे यांच्याबरोबरच रुपयाचा दर १६ पेन्सवर आणण्याची मागणीही होती. विनिमय दर हा राष्ट्रीय चळवळीचा विषय झाला होता, याचे हे बोलके उदाहरण होय.

मंदी, युद्ध आणि स्टर्लिंग शिल्लक

महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले आणि रुपया १८ पेन्सवरच पौंडाशी बांधला गेला. पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत उतरला, सोन्याचा रुपयांतील भाव चढला आणि संकटात सापडलेल्या कुटुंबांनी आपले सोने विकावयास काढले. हे ‘आपत्तीतील सोने’ शेकडो कोटी रुपयांच्या प्रमाणात देशाबाहेर गेले. १९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले, तेव्हा १८ पेन्सच्या आसपास पौंडाची खरेदी-विक्री करण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात भारताने ब्रिटनसाठी केलेल्या खर्चाची परतफेड लंडनमधील पौंडांच्या खात्यात जमा होत गेली आणि त्यांच्या तारणावर भारतात नोटा छापल्या गेल्या. दर जागचा हलला नाही. परंतु वस्तूंची टंचाई आणि चलनवाढ यांमुळे भाव भडकले. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची भीषणता वाढविणाऱ्या कारणांत या भाववाढीचा समावेश होतो. युद्ध संपले तेव्हा भारताची स्टर्लिंग शिल्लक सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांहून अधिक होती. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हा प्रश्न भारतीय प्रतिनिधींनी उपस्थित केला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या प्रतिनिधिमंडळात होते.

स्वातंत्र्यानंतरची तीन वळणे

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सदस्यत्वामुळे डिसेंबर १९४६ मध्ये रुपयाचे मूल्य सोन्यात आणि डॉलरमध्ये निश्चित झाले. व्यवहारात पौंडाचा १३.३३ चा दर कायम राहिला. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. भारताचा बराचसा व्यापार स्टर्लिंग क्षेत्राशी असल्याने भारतानेही रुपयाचे तेवढेच, म्हणजे ३०.५ टक्के अवमूल्यन केले. पौंडाचा दर बदलला नाही. डॉलर मात्र ३.३१ वरून ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने अवमूल्यन केले नाही. परिणामी १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले आणि ताग व कापूस यांचा व्यापार ठप्प झाला.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि स्टर्लिंग शिल्लक झपाट्याने संपली. भारतातील भाववाढ, १९६२ व १९६५ ची युद्धे आणि १९६५-६६ चा दुष्काळ यांमुळे जुना दर राखणे कठीण झाले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर आणि पौंड १३.३३ वरून २१ रुपयांवर गेला. येथे विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी घटले. परंतु परकीय चलनाची रुपयांतील किंमत ५७.५ टक्क्यांनी वाढली. हे दोन्ही आकडे एकाच घटनेचे आहेत, केवळ मोजण्याचा पाया वेगळा आहे. लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळामुळे आणि निर्यात अनुदाने काढून घेतल्यामुळे अवमूल्यनाचा अपेक्षित लाभ तत्काळ दिसला नाही.

नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन होऊन तो २.४० डॉलरवर आला. या वेळी भारत त्याच्या मागे गेला नाही. त्यामुळे पौंड २१ वरून १८ रुपयांवर उतरला. पौंड घसरत असताना रुपया आपल्या जागी उभा राहिला, अशी ही पहिली मोठी घटना होय.

पौंडापासून फारकत

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्यातील परिवर्तनीयता थांबविली. डिसेंबर १९७१ मध्ये रुपया पुन्हा पौंडाशी जोडला गेला. परंतु जून १९७२ मध्ये पौंडच तरता झाला आणि त्याच्या घसरणीबरोबर रुपयाही अन्य चलनांच्या तुलनेत उतरू लागला. अखेर सप्टेंबर १९७५ मध्ये रुपया पौंडापासून अलग करून प्रमुख चलनांच्या समूहाशी जोडण्यात आला. तरीही हस्तक्षेपाचे चलन म्हणून पौंडाचे स्थान पुढे अनेक वर्षे टिकले.

१९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून कर्ज उभारावे लागले. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दराची उदारीकृत पद्धती आली आणि पौंडाऐवजी डॉलर हे हस्तक्षेपाचे चलन झाले. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एकत्र होऊन बाजारनिर्धारित दरपद्धती सुरू झाली. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. तेव्हापासून सरकारने जाहीर केलेल्या ‘अवमूल्यनाची’ जागा बाजारातील ‘घसरणीने’ घेतली. या दोन संज्ञांतील फरक परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

समारोप

रुपया-पौंड दराचा हा प्रवास तीन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, दोन चलनांचा दर दीर्घकाळात त्या देशांतील किमती, व्यापार आणि गंगाजळी यांच्याशी मेळ राखतो. हा मेळ तुटलेला दर १९२० मध्ये टिकला नाही, तसा १९६६ आणि १९९१ मध्येही टिकला नाही. दुसरी, स्थिर दर म्हणजे स्थिर अर्थव्यवस्था नव्हे. १८ पेन्सचा दर महामंदीत आणि महायुद्धात अढळ होता, तरी त्याच काळात शेतकऱ्याचे सोने गेले आणि गरिबाचे अन्न महागले. तिसरी, दर कोणाच्या हिताचा विचार करून ठरतो, याला सर्वाधिक महत्त्व आहे. वसाहतकाळात लंडनमधील देणी हा निर्णयाचा प्रमुख निकष होता, म्हणूनच दोन पेन्सचा फरक मिठाच्या कराशेजारी जाऊन बसला.

महाग रुपयाचा अभिमान आणि स्वस्त रुपयाची खंत या दोन्हींपेक्षा त्या दराने देशातील कोणाचे काय होते, हा प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

रुपया-पौंड दराचे प्रमुख टप्पे (एका पौंडास रुपये)

१८७० पर्यंत : सुमारे १० (रुपया २४ पेन्सच्या आसपास)
१८९२-९३ : सुमारे १६ (रुपया १५ पेन्सच्या किंचित खाली)
१८९९ : १५ (रुपया १६ पेन्स)
१९२० : १० (सोन्याच्या हिशेबाने २४ पेन्स, टिकला नाही)
१९२७ : १३.३३ (रुपया १८ पेन्स)
१९४९ : १३.३३ (दोन्ही चलनांचे डॉलरच्या तुलनेत समान अवमूल्यन)
जून १९६६ : २१
नोव्हेंबर १९६७ : १८
सप्टेंबर १९७५ : पौंडाशी जोडणी समाप्त, चलनसमूहाशी जोडणी
मार्च १९९३ : बाजारनिर्धारित दर